बारकीची वाटणी

दस्तगीर मिस्त्रींनी ट्रॅक्टरच्या टाकीतून निघालेल्या काळ्या गाळात बोट बुडवलं आणि ते बोट तोंडाकडे निघालं, तशी उजानं त्यांच्या मनगटावर फाडकन चापट मारली.

“मिस्त्री, जीभ आत!”

“आगं, बघतो फकस्त.”

“मागच्या बारीला असंच फकस्त बघितलंसा आन् आमच्या एका घराची दोन घरं झाली.”

मिस्त्रींनी मुकाट्यानं बोट लुंगीला पुसलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण डोळ्यांपेक्षा जिभेवर जास्त भरवसा. डिझेलमध्ये रॉकेल किती मिसळलंय, ऑइल बदलायला झालंय का, हे सगळं ते चाखून सांगायचे आणि वर तांब्याभर पाणी पिऊन ढेकर द्यायचे. वारणाकाठच्या पाच-सात गावांत त्या जिभेला मान होता. आमच्या घरात मात्र तिनं एकदा असा घोळ घातला होता की विचारू नका.

उजा म्हणजे माझी चुलत बहीण, उज्ज्वला. गावातल्या शाळेत मास्तरीण होती आणि शाळा सुटली तरी ती मास्तरीणच राहायची. मी निवास, माझं खताचं दुकान. दोघांनाही इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी दिवाळीपासून आम्ही त्या ट्रॅक्टरच्या बोकांडी बसलो होतो आणि बैलांचा सण, बेंदूर, उद्यावर आला होता.

तर ही बारकी. गावातले बाकीचे ट्रॅक्टर ‘तो’ होते, आमची एकटीच ‘ती’. परदेशातून बोटीनं आलेली, दोन सिलिंडरची, म्हशीपेक्षा जराशीच उंच. आजोबांनी माणक्या आणि पाखऱ्या ही बैलजोडी विकून तिला आणली तेव्हा गाव हसलं होतं. ‘दोन बैल दिलं आन् कालवड आणली’ म्हणाले. पण मोठे ट्रॅक्टर जिथं वळायला घाबरायचे तिथं बारकी जागच्या जागी गिरकी घ्यायची, आणि मग तेच हसणारे लोक आमच्या दारात येऊन ‘जरा आमचा तुकडा तेवढा नांगरून द्या की’ म्हणायचे. आजोबांनी पेंटरकडून बॉनेटवर रंगवून घेतलं, ‘शामराव हिंदुराव बंधू’. शामराव म्हणजे माझे वडील, आबा. हिंदुराव म्हणजे काका, उजाचे वडील. दोघांची थोरली बहीण सगुणाआत्या. ती बंधूंत मोडत नसल्यामुळे बॉनेटवर नव्हती.

आत्याचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारला आणि ती माहेरी आली ती कायमची. तिनं आम्हाला वाढवलं, त्याआधी माणक्या-पाखऱ्याला वाढवलं. पाखऱ्या आजारी पडला तेव्हा ती गोठ्यातच झोपली होती. बेंदराला बैलांना ओवाळायला मात्र माझी आई नाहीतर काकी. ओवाळायला सवाष्ण लागते. आमच्याकडे नवरा गेला की बाईचा हात ओवाळायला चालत नाही. त्याच हातानं लाटलेल्या पुरणपोळ्या मात्र चालतात, वर आणखी दोन वाढा म्हणतात.

आजोबा गेले, त्यानंतरच्या पहिल्याच बेंदराला ते प्रकरण झालं. मिरवणुकीत सगळ्यात पुढे बारकी. तिच्यावर कुणी बसायचं यावरून दोघा भावांत आठवडाभर धुसफूस चाललेली. शेवटी ठरलं की घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत आबा, आणि देवळापासून घरापर्यंत काका. आबा फेटा बांधून, मिशीवर ताव देत देवळापर्यंत गेले, इंजिन बंद केलं आणि उतरले. काका चढले. एका गड्यानं पुढून हँडल मारलं. बारकी खोकली, पांढरा धूर सोडला आणि गप्प झाली. हँडल मारून मारून चार गड्यांचे खांदे उतरले. अख्खा गाव बघत होता. मग दस्तगीर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी फिल्टर खोलला, आतल्या चिकट पाण्यात बोट घातलं, चाखलं आणि सगळ्या गावापुढे जाहीर केलं, “गोड लागतंय. गूळ हाय ह्यो.”

झालं. काका म्हणाले, माझी बारी आली की बंद पडावी म्हणून थोरल्यानं टाकीत गूळ घातला. आबा म्हणाले, धाकट्याला माझी फजिती करायची होती, पण अंदाज चुकला आणि त्याच्याच बुडाखाली बंद पडली. दोघांचंही म्हणणं इतकं पटण्यासारखं होतं की गावात सरळ दोन तट पडले.

वर्षाच्या आत वाटणी झाली. जमीन, म्हशी, भांडीकुंडी सगळं वाटलं, अंगणाच्या दोन बाजूंना दोन घरं झाली. बारकी कुणाची, यावर मात्र पंचांनी हात टेकले. शेवटी त्यांनी तिचीही वाटणी करून टाकली. स्टिअरिंग आणि हँडल आबांना, डिझेलचा पंप आणि सीट काकांना, धड सामाईक. कुणी चालवायची हा प्रश्नच मिटला. धड अंगणात उभं राहिलं, त्यावर दोडक्याचा वेल चढला, आणि डावीकडचे दोडके आमच्या आमटीत तर उजवीकडचे काकांच्या. मध्येच कधीतरी काकांनी बॉनेटवरचं ‘शामराव’ खरवडून काढलं. मग आबांनी ‘हिंदुराव’ खरवडलं. उरलं नुसतं ‘बंधू’.

आत्याचीही वाटणी झाली. मृगापासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे, दिवाळीपासून मृगापर्यंत काकांकडे. वळकटी काखेत मारून ती वर्षातून दोनदा अंगण ओलांडायची. त्या बेंदरापासून तिनं पुरणपोळी सोडली. दोन्ही घरच्या पोळ्या तीच करायची, पण स्वतः तुकडा तोंडात घालायची नाही. भाऊ बोलायला लागले की खाईन असा काहीतरी नवस असणार, असं आम्ही धरून चाललो. विचारलं कुणीच नाही.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग एका दिवाळीला वळकटी घेऊन अंगण ओलांडताना आत्याचा पाय दोडक्याच्या वेलात अडकला आणि ती बारकीच्या चाकाशी पडली. उजवं मनगट मोडलं. तिची किंकाळी ऐकून दोन्ही दारांतून दोन्ही भाऊ धावत आले आणि तिच्या दोन बाजूंना थबकले. आत्या अंगानं भरलेली, एकट्याच्यानं उचलणं शक्य नव्हतं.

“निवास, त्याला सांग, पायाकडनं धर म्हणावं,” आबा म्हणाले.

“उजे, त्यास्नी सांग, पायाकडनं तुमी धरा. डोस्क्याकडं मी हाय,” काका म्हणाले.

“निवास, सांग त्याला, थोरला मी हाय.”

“उजे, म्हणावं, थोरलं हाईसा तर आदी वाका.”

आत्या जमिनीवरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, “आरं मुडद्यांनो, उद्या माझी तिरडी उचलताना बी ह्या पोरांच्याच तोंडानं बोलणार हाईसा व्हय?”

दोघांनी माना खाली घातल्या, पण वाकलं कुणीच नाही. शेवटी मी आणि उजानंच तिला उचललं. हाताला प्लॅस्टर घालून जीपनं परत येताना आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बारकी चालती-बोलती असती तर ह्यांचं असं झालं नसतं गं. ती गेली आन् सगळंच गेलं.” तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आत्याला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. त्या दोघा आडमुठ्यांचा असा संताप आला की जीप परत फिरवून त्यांनाही प्लॅस्टर घालून आणावं, तोंडासकट.

“निवासदा,” उजा घरी आल्या आल्या म्हणाली, “बारकी चालू करायची. म्हातारी असेपर्यंत दोघं बोलले पाहिजेत.”

परवानगी काढणं सोपं गेलं. मी आबांना सांगितलं, “काका म्हणतात, बारकीला हात लावायचा नाही.”

“त्याच्या बापाची हाय काय?” आबा उसळले. “लाव हात! बघतो कोण अडवतंय!”

तिकडे उजानं काकांना हेच सांगितलं आणि काकांनी शब्दाला शब्द हेच उत्तर दिलं. दोघांचा बाप एकच होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दस्तगीर मिस्त्री मात्र यायलाच तयार होईनात. “पोरांनो, त्या दिवसापास्नं तुमच्या अंगणातनं जाताना मान खाली घालतो मी,” म्हणाले. पण उजानं हात धरून आणलं आणि वेल बाजूला करून बारकी दाखवली, तेव्हा ते तिच्याभोवती दोनदा फिरले, गंजलेल्या मडगार्डवर पंजा ठेवला आणि बाह्या सारल्या. दर रविवारी आम्ही तिघं तिच्याशी झटायचो. सायलेन्सरमधून चिमणीचं घरटं निघालं, नोझलच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीची घरं केलेली. पिस्टन गंजून असा जाम धरला होता की मिस्त्रींनी सिलिंडरमध्ये ऑइल आणि डिझेल ओतून आठवडाभर तसंच मुरू दिलं, आणि मग लाकडाचा ठोकळा ठेवून इतक्या हलक्या हातानं ठोकलं की बाळाला थोपटतायत असं वाटावं. सुटला तेव्हा ‘खट्’ एवढाच आवाज झाला, पण उजानं शिट्टी मारली. मास्तरणीला शिट्टी येते हे मला तेव्हा कळलं. रॉकेलनं पुसता पुसता गंजाखालून लाल रंग निघाला आणि मला आजोबांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरल्याचं आठवलं. त्या दिवसापासून मी तिला ‘भंगार’ म्हणणं सोडलं.

राहिले वाटणीतले अवयव. ते कुणी सुखासुखी देणार नव्हतं, तेव्हा चोरले. स्टिअरिंग आमच्या भिंतीवर आजोबांच्या फोटोशेजारी टांगलेलं होतं, हार घालून. आलेले पाहुणे हळहळून विचारायचे, हे कोण गेले? मी भंगारवाल्याकडून ट्रकचं एक स्टिअरिंग आणून तिथं टांगलं. आबांना मोतीबिंदू होता. ते रोज सकाळी त्या ट्रकच्या चाकाला उदबत्ती ओवाळू लागले. हँडल मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं होतं, तिथं पहार लावली. पंप काकांच्या ट्रंकेत, तेलकट फडक्यात. उजानं तो काढून त्याच फडक्यात काकीचा वरवंटा गुंडाळून ठेवला. सीटचं मात्र काही करता आलं नाही, कारण ती काकांच्या ओट्यावर लाकडी ओंडक्याला ठोकलेली होती आणि तिच्यावर खुद्द काका होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हटलं, सीटच्या जागी पोतं टाकू. हे सगळं ताडपत्रीखाली जोडून झालं आणि उरली ती फक्त टाकी. तिला मिस्त्री शेवटपर्यंत हात लावायला धजत नव्हते. बेंदराच्या आदल्या दिवशी त्यांनी ती उतरवली, आत मूठभर बारीक खडी आणि रॉकेल घालून आम्हा दोघांना झोळीसारखी हलवायला लावली, आणि मग उपडी केली. तो हा गाळ.

उजानं काडीनं गाळ पसरला. डांबरासारखा काळा, चिवट. त्यातून तिनं एक बारीक दाणा उचलला, रॉकेलमध्ये खळबळला आणि तळहातावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

“बडीशेप,” ती म्हणाली.

मिस्त्री म्हणाले, “गुळात बडीशेप कोन घालतंय?”

मी आणि उजानं एकमेकांकडे बघितलं. गुळात कुणी घालत नाही. पुरणात घालते, आणि तीही आमच्या गावात एकच बाई.

आत्या आमच्या स्वयंपाकघरात उद्याचं पुरण वाटत बसली होती. हाड जुळलं होतं पण मनगट वाकडंच राहिलं होतं, त्यामुळे वरवंटा जरा तिरका धरून. उजानं तळहात तिच्यापुढे केला.

“आत्या, हे काय?”

“बडीशेप. का गं?”

“बारकीच्या टाकीतनं निघाली.”

आत्याचा हात पाट्यावर थांबला.

“पोळी हुती,” ती म्हणाली. “म्या चारली हुती तिला.”

“चारली?”

“माणक्या-पाखऱ्याला घास देत हुते तशी. सण त्यांचा, आन् त्यांच्या जागी ती आलेली. तिला कोण देणार? पहाटं कुणी उठायच्या आत पायदानावर ठेवायची. सकाळी बघावं तर पोळी न्हाई. म्हटलं, खाती बया. त्या साली बघितलं तर खालच्या आळीचं कुत्रं खातंय! मला लई वाईट वाटलं. म्हंजे इतकी वरसं सणाला उपाशीच की गं ती. मग झाकण उघाडलं आन् तोंडात घातली. दात न्हाईत तिला, म्हणून दुधात कुस्करली. वर तुपाची धार सोडली.”

मला हसू आवरेना. उजानं माझ्या पायावर पाय दिला.

“पण आत्या, मिस्त्री गूळ म्हणाले, एवढं रणकंदन झालं, तेव्हा का सांगितलं नाहीस?”

“गुळानं काय मरतंय व्हय?” आत्या चिडून म्हणाली. “बैलाला गूळ चारत्यात, ताकद येती. गूळ ज्यानं घातला आसंल त्यानं घातला आसंल. ती मेली ह्या हातानं.” आणि तिनं तो पुरणानं माखलेला वाकडा हात आमच्यापुढे धरला. “रंडक्या बाईनं सणाचा घास चारला. ओवाळायचं न्हाई, चारायचं न्हाई, समदं ठावं असून चारला. दिवस मावळायच्या आत भाऊ वैरी झालं. आता त्या हातची पोळी मी कोणत्या तोंडानं खाऊ, सांग?”

माझं हसू जागच्या जागी मेलं. दहा-बारा वर्षं ही बाई हे मनात घेऊन आम्हाला पोळ्या वाढत होती आणि आम्ही वर आणखी तूप मागत होतो.

उजा तिच्यासमोर फतकल मारून बसली. वर्गात बोलते तशी बोलायला लागली. “आत्या, ऐक. हात नव्हे. दूध. डिझेलमध्ये दूध गेलं की इंजिन मरतं. आईनं घातलं असतं तरी मेलं असतं, कलेक्टरीणबाईनं घातलं असतं तरी मेलं असतं.”

“खरं म्हणतीस?”

दारात मिस्त्री उभे होते. “आक्का,” ते म्हणाले, “चाळीस वरसं इंजिनं खोलतोय. इंजिनाला सवाष्ण कळत न्हाई न् काय कळत न्हाई. त्याला पाणी कळतंय.”

“म्हंजे हात न्हवं.”

“हात नव्हे,” उजा म्हणाली.

“आन् ह्या दोघांनी कुणीच गूळ घातला न्हवता?”

“कुणीच नाही.”

आत्यानं पदरानं डोळे टिपले, नाक शिंकरलं आणि वरवंटा उचलला. “व्हा बाजूला. पुरण कडक व्हतंय. आन् उद्यापतोर कुणी तोंड उघाडलं तर माझ्यासारखी वाईट न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि काकी ताटं घेऊन बाहेर आल्या, शेजारपाजारच्या बायाही आल्या. बैल होते त्यांच्या दारात झुली दिसत होत्या. आम्ही ताडपत्री ओढली. लाल, तकतकीत, वर ‘बंधू’. मिस्त्री हळूच काहीतरी पुटपुटले, मी हँडल घातलं आणि फिरवलं. एकदा. दुसऱ्यांदा ते सणकन उलटं फिरलं आणि माझा अंगठा मोडता मोडता वाचला. तिसऱ्यांदा बारकीनं काळा धूर ओकला, शिंकली आणि धरलं तिनं. टुक टुक टुक टुक.

आमच्या दारातून आबा बाहेर आले. तिकडून काका. दोघंही तोंड उघडं टाकून बघत राहिले. मला वाटलं, आता गळ्यात गळे घालणार.

“निवास,” आबा म्हणाले, “त्याला विचार, पंप कसा काय सुटला त्याच्या हातनं?”

“उजे, त्यास्नी सांग, पंप माझ्या ट्रंकेत हाय,” म्हणत काका आत गेले आणि फडकं घेऊन आले. सोडलं. काकी किंचाळली, “आगं बया, माझा वरवंटा! आन् मी सहा घरी शोधत हिंडले!”

आबा खदाखदा हसले.

“त्यास्नी म्हणावं, लई हसू नका. भिंतीवर ट्रकाचं चाक पुजताय तुमी. आख्ख्या गावाला ठावं हाय.”

आबांचं हसू मावळलं. “सांग त्याला, ह्या वक्ती माझी टाकीवर नजर हाय. गूळ घालणाऱ्याचा हात तोडीन.”

“उजे, सांग, गूळ कुणाच्या घरात जास्त खपतोय ते गावाला म्हाईत हाय!”

हे असं चाललेलं. बारकी बिचारी मध्ये टुकटुकत होती आणि आम्ही दोघं दोन बाजूंना पोस्टमनसारखे उभे. उजाचे डोळे भरून आले. एवढा घाम गाळला आणि शेवटी त्यांना भांडायला नवी जागाच तेवढी तयार करून दिली.

तेवढ्यात आत्या बाहेर आली. बेंदराला ती कधी दाराबाहेर यायची नाही. नवं लुगडं, हातात पितळी वाटी, वर झाकण. बाया बाजूला सरकल्या. एक कुणीतरी म्हणालीसुद्धा, “आवं, ह्या कुठं निघाल्या?” आत्या कुणाकडे न बघता सरळ बारकीपाशी गेली. डाव्या हातानं टाकीचं झाकण फिरवलं, काढलं, वाटी झाकणासकट उंच उचलली आणि टाकीच्या तोंडावर कलती करायला लागली.

“हिंद्या! धर तिचा हात, धर!”

“दादा, टाकी! टाकी झाक आदी!”

काकांनी उडी मारून आत्याचा हात धरला. आबांनी दोन्ही तळवे टाकीच्या तोंडावर दाबले. दोघांच्या नाकात चार बोटांचं अंतर राहिलं. आणि मग दोघांच्याही ध्यानात आलं.

बारकी टुकटुकतच होती.

“दादा म्हणालास,” आबा म्हणाले.

“तू बी हिंद्या म्हणालास,” काका म्हणाले.

“सोड माझा हात,” आत्या म्हणाली. “त्या साली बी म्याच चारली हुती. पुरणाची पोळी, दुधात कुस्करून. गूळ त्यातलाच. कुणी कुणाचं वाकडं केलं न्हवतं. दोघं बी खुळ्याचं खुळंच ऱ्हायलासा.”

“तरी मी म्हनलं गोड लागतंय,” मागून दस्तगीर मिस्त्री म्हणाले.

आधी काका हसायला लागले. आबांनी मात्र भोकाड पसरलं. पन्नाशी कधीच ओलांडलेला, गावभर दरारा असलेला माणूस, पण लहान पोरासारखा रडत होता, आणि टाकीवरचे तळवे काही काढत नव्हता, न जाणो आक्कानं परत काही ओतलं तर. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या आईकडे वळून म्हणाले, “वहिनी, ताट आक्काकडं द्या.”

आईनं एकदा जमलेल्या बायांकडे बघितलं. मग पुढे होऊन ताट आत्याच्या हातात दिलं. आत्यानं त्या वाकड्या हातानं बारकीला ओवाळलं, बॉनेटवर हळदकुंकू लावलं, आणि मनगट नीट वळत नसल्यामुळे त्यातलं निम्मं ‘बंधू’वर सांडलं.

काका ओट्यावर गेले. ओंडक्यावरची सीट पहारीनं उचकटून आणली आणि आबांपुढे धरली. “बस दादा.”

“खुळा हाईस काय?” आबा नाक पुसत म्हणाले. “देवळापास्नं तुझी बारी ऱ्हायली हुती न्हवं? तू बस.”

काका बसले. आबा मडगार्डवर चढले. बारकी हलली तशी माझ्या पायाला काहीतरी लागलं. झटापटीत पडलेली आत्याची वाटी. मी भोवतालची जमीन बघितली. दूध नाही, पोळी नाही, एक शिंतोडासुद्धा नाही. वाटी आतून कोरडी ठणठणीत.

“आत्या, वाटी तर रिकामीच होती,” मी म्हणालो. “मग पोळी कुठाय?”

आत्या मिरवणुकीकडे बघत होती. तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं.

“ती व्हय? ती सकाळीच खाल्ली की म्या,” ती म्हणाली. “दोन खाल्ल्या. तूप घालून.”